सूक्ष्मदर्शकाचा वेग एका आकड्यात मावत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत नवा लेसर स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक बसवला की बातमीत एक आकडा हमखास असतो: सेकंदाला 30 चित्रे. खरेदीच्या निविदेतही वेगाच्या रकान्यात पुष्कळदा तेवढेच लिहिलेले असते. यंत्र येते, काचपट्टीवरचे मेलेले, रंगवलेले नमुने सुरेख दिसतात, आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तो पोहणारा, धडधडणारा, वळवळणारा जीव पडद्यावर तिरका, दातेरी किंवा नुसता खरखरीत उमटतो. हे का होते, आणि ते टळावे म्हणून यंत्र बांधताना व निवडताना काय मोजावे, हे सांगण्यासाठी हे पत्र. जीवशास्त्राचे, भौतिकशास्त्राचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक आपला अंक वाचतात. त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो आहोत, लांबीबद्दल माफी असावी.

लेसर स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्यासारखा एका झटक्यात चित्र घेत नाही. त्याचे काम ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. लेसरचा एकच बारीक ठिपका नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो, प्रत्येक जागी नमुन्यातला फ्लुरोसंट रंग किती उजळला ते प्रकाशशोधक मोजतो आणि संगणक ठिपक्याशेजारी ठिपका मांडून चित्र उभे करतो. मार्व्हिन मिन्स्की यांनी 1957 मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली कॉन्फोकल रचना, म्हणजे बारीक छिद्रातून फक्त नेमक्या थराचा प्रकाश घेणारी, याच कुळातली. तिच्यात ठिपका जागेवर राही आणि नमुनाच हलवला जाई. पुढे 1990 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दोन फोटॉनांची पद्धत आणली (रंगाचा रेणू एकदम दोन फोटॉन घेऊन उजळतो), तिच्यातही ठिपका असाच फिरतो. आज फिरवण्याचे काम दोन आरसे करतात. एक आडव्या ओळीवरून झरझर जातो, दुसरा ठिपक्याला सावकाश खालच्या ओळीवर उतरवतो.

म्हणजे चित्राची वरची ओळ आणि खालची ओळ एकाच क्षणाची नसते. नमुना स्थिर असेल तर काही बिघडत नाही. हलत असेल तर काय होते ते क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालावर बघू. पेशी सुमारे 10 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पोहण्याचा वेग सेकंदाला साधारण 100 मायक्रॉन. 50 मायक्रॉन बाजूच्या चौकोनात 512 ओळी घेतल्या आणि साध्या गॅल्व्हो आरशाने (विजेच्या आज्ञेने वळणाऱ्या) सेकंदाला एक चित्र काढले, तर पेशीच्या डोक्यापासून तळापर्यंत पोहोचायला ठिपक्याला 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात पेशी आडवी 20 मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुप्पट, सरकलेली असते. ती उभी पोहत असेल तर आणखी पंचाईत: ओळी खाली उतरण्याचा वेग सेकंदाला 50 मायक्रॉन आणि पेशीचा 100. पेशी स्कॅनच्या पुढे पळून जाते. हेच चित्र सेकंदाला 30 या गतीने घेतले तर पेशी ओलांडायला सुमारे 6.4 मिलिसेकंद लागतात आणि तिरकेपणा 0.64 मायक्रॉनवर येतो. पेशीचा आकार आणि आतला हरितलवक बघायला एवढे पुरते.

पण त्याच पेशीच्या कशाभिका, म्हणजे पोहण्याचे चाबकासारखे धागे, बघायच्या असतील तर 30 चा आकडा फसवतो. त्या सेकंदाला सुमारे 50 वेळा हलतात. सेकंदाला 30 चित्रांत 50 ठोके पकडायला गेले की पडद्यावर सेकंदाला 10 ठोके दिसतात, आणि तेही उलट्या दिशेने. पाहणाऱ्याला ते अगदी खरे वाटतात! एका ठोक्याची निदान 10 चित्रे हवीत, म्हणजे सेकंदाला 500. त्यासाठी ठिपका फिरवणारे यंत्र हे साधनच नव्हे; तिथे साधा प्रकाश आणि वेगवान कॅमेरा बरा. म्हणून पहिला प्रश्न नमुन्याला विचारायचा: तू किती वेगाने हलतोस आणि तुझ्यातले सर्वांत बारीक काय बघायचे आहे? बघायच्या तपशिलाच्या आकाराला वेगाने भागले की मिळणारा वेळ हीच मर्यादा. अर्ध्या मायक्रॉनचा तपशील सेकंदाला 100 मायक्रॉनने धावत असेल, तर त्याच्यावरून ठिपका 5 मिलिसेकंदांच्या आत जाऊन आला पाहिजे.

आता आरसा. गॅल्व्हो आरसा आज्ञेप्रमाणे कुठेही थांबतो, हव्या त्या वेगाने जातो, पण दर ओळीच्या टोकाला त्याला थांबवून वळवावे लागते. वजनदार वस्तूला झटका देऊन वळवायचे म्हणजे कॉइल तापते. सारख्या जाडीच्या गोल आरशाचा व्यास दुप्पट केला की त्याचे जडत्व सोळा पट होते, त्यामुळे मोठा आरसा आणि मोठा वेग यांचे जमत नाही. रेझोनंट स्कॅनर ही अडचण झोपाळ्यासारखी सोडवतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलकासा धक्का देत राहिले की तो फारशा ताकदीशिवाय झुलतो. प्रचलित स्कॅनरची लय सेकंदाला 8000 झोके. जाताना एक आणि येताना एक ओळ घेतली तर सेकंदाला 16000 ओळी मिळतात. 512 ओळींचे चित्र आणि सावकाश आरसा परत वर यायला लागणारा सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे 16 ओळींचा वेळ, धरला की सेकंदाला 30 चित्रे होतात. तो प्रसिद्ध आकडा इथून येतो.

झोपाळ्याचे गुण आले तसे दोषही येतात. लय बदलता येत नाही, मध्येच थांबता येत नाही, आणि वेग सगळीकडे सारखा नसतो. नांगरणारे बैल बांधाजवळ मंदावतात, वळतात आणि शेताच्या मध्यावर पुन्हा वेग धरतात, तसाच ठिपका चित्राच्या कडांना रेंगाळतो आणि मध्ये सुसाट जातो. हिशेब असा: झोक्याच्या रुंदीचा मधला 90 टक्के भाग वापरला आणि त्याचे 512 पिक्सेल केले तर मधल्या पिक्सेलला सुमारे 70 नॅनोसेकंद मिळतात, कडेच्या पिक्सेलला 160. यातून तीन गोष्टी निघतात. ठरावीक घड्याळाने मोजमाप घेतले तर कडेला चित्र ताणलेले दिसते, त्यामुळे 10 मायक्रॉनच्या रेघांची काचपट्टी ठेवून कोणता क्षण कोणत्या पिक्सेलचा याची सारणी आधी बनवावी लागते. कडेच्या पिक्सेलमध्ये जास्त वेळ प्रकाश जमतो, म्हणून बेरीज न घेता सरासरी घ्यावी लागते. आणि वळणाच्या भागात, जिथे चित्र घेतच नाही, तिथेही लेसर नमुना भाजत असतो. तिथे तो पॉकेल्स सेलने किंवा ध्वनिप्रकाशीय मॉड्युलेटरने, म्हणजे विजेच्या संकेताने प्रकाश झटपट रोखणाऱ्या साधनाने, बंद ठेवलाच पाहिजे. हे न केलेल्या यंत्रात नमुन्याच्या दोन्ही कडांना रंग उडालेल्या उभ्या पट्ट्या दिसतात.

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष दातेरी कडांचा. जाताना घेतलेली ओळ आणि येताना घेतलेली ओळ एकमेकींवर बसली नाही की गोल मण्याची कड कंगव्यासारखी दिसते. पडदा मोठा करून पाहिला की एक ओळ उजवीकडे, पुढची डावीकडे, पुन्हा उजवीकडे असे दात स्पष्ट मोजता येतात. मध्यभागी 70 नॅनोसेकंदांची चूक म्हणजे जाणारी ओळ एक पिक्सेल इकडे आणि येणारी एक पिक्सेल तिकडे, मिळून दोन पिक्सेलचा दात. विजेचा संकेत केबलमधून मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद घेतो. नुसती 7 मीटर जास्त लांब केबल लावली तर 35 नॅनोसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे एका पिक्सेलचा दात तयार. म्हणून केबल बदलली, ॲम्प्लिफायर बदलला की जुळणी पुन्हा करायची. झूम बदलला, म्हणजे झोक्याची रुंदी बदलली, की जुळणी पुन्हा हलते. प्रत्येक झूमची वेगळी नोंद ठेवावी. आरसा तापला की त्याची लयही किंचित सरकते, तेव्हा ओळीची वेळ बाहेरच्या स्थिर घड्याळावरून न घेता स्कॅनर स्वतः देतो त्या संकेतावरूनच घ्यावी आणि काम सुरू करण्याआधी अर्धा तास आरसा चालू ठेवावा. जुळणी करताना नमुना हलता ठेवू नये. हलत्या नमुन्याचे दात आणि वेळेच्या चुकीचे दात डोळ्यांना सारखेच दिसतात आणि माणूस चुकीच्या दिशेने स्क्रू फिरवत बसतो. एक ते दीड टक्का ॲगरोजमध्ये (जेलीसारख्या पदार्थात) बसवलेले फ्लुरोसंट मणी यासाठी उत्तम.

यानंतर येतो प्रकाशाचा हिशेब. आमच्या मते वेगाच्या चर्चेत याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सेकंदाला एक चित्र घेताना प्रत्येक पिक्सेलला सुमारे 3.8 मायक्रोसेकंद मिळत होते. रेझोनंट आरशाने मध्यभागी 70 नॅनोसेकंद मिळतात. वेळ चौपन्न पट कमी, म्हणून तेवढ्याच लेसरवर फोटॉनही चौपन्न पट कमी. आधी एका पिक्सेलमध्ये 100 फोटॉन येत होते तिथे आता दोनही येत नाहीत. फोटॉनांच्या मोजणीतला खरखरीतपणा त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो: 100 फोटॉनांत 10 टक्के, 25 फोटॉनांत 20 टक्के, 2 फोटॉनांत सत्तर टक्क्यांच्या पुढे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणकावर चित्र कितीही गुळगुळीत केले तरी न आलेला फोटॉन परत येत नाही. स्थिर नमुन्यात दहा चित्रांची सरासरी काढून वेळ मारून नेता येते. हलत्या नमुन्यात दहावे चित्र पहिल्यासारखे नसते, त्यामुळे ती वाटही बंद.

लेसर वाढवणे हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच सर्वांत आधी संपतो. रंगाचे रेणू ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त उजळत नाहीत, नुसते मरतात, आणि जिवंत पेशीही भाजते. त्याआधी गोळा करण्याची बाजू बळकट करावी. पाण्यात बुडणाऱ्या 0.8 न्यूमरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप) ऑब्जेक्टिव्हमध्ये, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगात, नमुन्यातून चहूकडे फेकल्या जाणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम 10 टक्के भाग शिरतो, 1.2 च्या ऑब्जेक्टिव्हमध्ये 28 टक्के. एवढ्या एका बदलाने जवळपास तिप्पट फोटॉन मिळतात, लेसरला हात न लावता. अर्थात 1.2 चे भिंग नमुन्याला अगदी टेकून काम करते आणि त्याचे क्षेत्र लहान असते, तेव्हा मोठ्या अळीसाठी ते चालणार नाही. शोधकात साध्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबऐवजी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडची ट्यूब घेतली तर हिरव्या प्रकाशात शंभरातले सुमारे 40 फोटॉन मोजले जातात. ही ट्यूब नाजूक असते, खोलीतला दिवा चुकून लागला तरी बिघडू शकते. तिला प्रवाह वाढताच स्वतःहून बंद पडणारे संरक्षण असल्याची खात्री करावी. शेवटचा उपाय साधा आहे: पिक्सेल मोठे घ्यावेत. 512 ऐवजी 256 पिक्सेलची ओळ घेतली की प्रत्येकाला दुप्पट वेळ मिळतो. बघायचा तपशील दोन मायक्रॉनचा असेल तर 0.1 मायक्रॉनचे पिक्सेल कशासाठी?

एवढ्या कष्टाने मिळवलेले फोटॉन ॲम्प्लिफायरमध्ये वाया जाताना दिसतात. सावकाश गॅल्व्होसाठी बसवलेल्या ॲम्प्लिफायरचा पट्टा (बँडविड्थ, म्हणजे तो किती जलद बदल पकडतो) साधारण 200 किलोहर्ट्झ असेल, तर त्याला एका धक्क्यातून सावरायला सुमारे 0.8 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात रेझोनंट आरसा 11 पिक्सेल पुढे गेलेला असतो. प्रत्येक ठिपक्याला आडवी शेपटी फुटते, जाणाऱ्या ओळीत उजवीकडे आणि येणाऱ्या ओळीत डावीकडे. लोक याला भिंगाचा दोष समजून ऑब्जेक्टिव्ह बदलायला निघतात. ओळखायची खूण: मणी उभ्या दिशेने रेखीव आणि फक्त आडव्या दिशेने पसरट दिसला तर भिंग निर्दोष आहे, ॲम्प्लिफायर मंद आहे. 70 नॅनोसेकंदांच्या पिक्सेलसाठी निदान 10 ते 15 मेगाहर्ट्झचा पट्टा हवा.

दोन फोटॉनांच्या यंत्रात आणखी एक बारकावा आहे. त्याचा लेसर अखंड नसतो, सेकंदाला 8 कोटी स्पंद देतो, दोन स्पंदांत 12.5 नॅनोसेकंदांचे अंतर. 70 नॅनोसेकंदांच्या पिक्सेलमध्ये साडेपाचच्या आसपास स्पंद बसतात, म्हणजे काही पिक्सेलांना 5, काहींना 6. शेजारच्या दोन पिक्सेलांत 20 टक्क्यांचा फरक नमुन्यात काही नसताना दिसतो आणि चित्रावर बारीक जाळी उमटते. विजेच्या संकेताचे आकडे करणाऱ्या डिजिटायझरचे घड्याळ लेसरच्याच स्पंदांना बांधावे आणि प्रत्येक पिक्सेलची बेरीज त्यातल्या स्पंदांच्या संख्येने भागावी. जाळी नाहीशी होते.

भिंगांची मांडणी करताना आरशाचा लहानपणा लक्षात ठेवावा लागतो. 8000 झोक्यांच्या आरशावर वापरण्याजोगी जागा साधारण 5 मिलिमीटर. 16 पट, 0.8 ॲपर्चर, 12.5 मिलिमीटर नाभीय अंतराचे ऑब्जेक्टिव्ह घेतले तर त्याचे मागचे तोंड 20 मिलिमीटरचे असते. ते पूर्ण भरले नाही तर 0.8 चे भिंग 0.3 किंवा 0.4 च्या भिंगासारखे वागते. म्हणून आरशानंतर 50 मिलिमीटरचे आणि पुढे 200 मिलिमीटरचे भिंग लावून शलाका, म्हणजे लेसरचा झोत, चौपट रुंद करायची. पण रुंदी चौपट झाली की कोन चौथाई होतो: आरशावरचा मध्यापासून प्रत्येक बाजूला 10 अंशांचा प्रकाशीय कोन ऑब्जेक्टिव्हपाशी 2.5 अंश उरतो आणि दिसणारे क्षेत्र 1.1 मिलिमीटरच्या आसपास येते. हा व्यवहार कुठल्याही भिंगाने चुकवता येत नाही. आरशाचा व्यास गुणिले कोन हेच भांडवल, ते बारकाईवर खर्च करा नाहीतर क्षेत्रावर. 12000 झोक्यांचा आरसा घेतला की तो याहून लहान असतो, भांडवलच घटते.

रेझोनंट आरसा सोडून इतर वाटाही आहेत. फिरत्या बहुभुज आरशाला 36 बाजू असतील आणि तो मिनिटाला 30000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 18000 ओळी मिळतात, त्याही एकसारख्या वेगाच्या. मात्र बाजूंच्या कोनांत किंचित फरक असला की दर 36 ओळींनी तेच पट्टे चित्रात येतात. टेल्युरियम डायऑक्साइडच्या स्फटिकात ध्वनिलहर सोडून शलाका वळवणाऱ्या यंत्रात हलणारा भागच नसतो. 10 मिलिमीटरची शलाका ओलांडायला त्या मंद लहरीला 15 मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात ठिपका कुठूनही कुठेही उडी मारतो. निवडक पेशींवरच मोजमाप घ्यायला हे फार चांगले, पण ज्या जागेवर उडी मारली तिथून पेशीच निघून गेली असेल तर हाती काही लागत नाही. हलत्या नमुन्यासाठी ते एकट्याने वापरू नये.

फिरत्या तबकडीचे कॉन्फोकल यंत्र हजारो ठिपके एकदम फिरवते. पेट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये दाखवलेली ही कल्पना पुढे योकोगावा कंपनीने सूक्ष्म भिंगांची दुसरी तबकडी जोडून व्यवहारात आणली. एका फेऱ्यात 12 चित्रे. मिनिटाला 1800 फेऱ्यांना सेकंदाला 360, 10000 फेऱ्यांना 2000. प्रत्येक ठिपक्याला सावकाश थांबता येते, म्हणून नमुना कमी भाजतो. पातळ, पारदर्शक नमुन्यासाठी हे यंत्र रेझोनंटपेक्षा सरस, असे आमचे स्पष्ट मत. कॅमेऱ्याचा उघडा राहण्याचा वेळ एका चित्राच्या वेळेच्या नेमक्या पटीत नसला तर तिरपे पट्टे दिसतात, तेवढे सांभाळावे. आणखी मोठ्या पारदर्शक नमुन्यांसाठी 2004 पासून प्रकाशपत्र्याची पद्धत आहे: बाजूने प्रकाशाचा पातळ पत्रा सोडायचा आणि पूर्ण थर कॅमेऱ्याने एकदम टिपायचा. कोलंबिया विद्यापीठातल्या एलिझाबेथ हिलमन यांच्या गटाने असा पत्रा एकाच ऑब्जेक्टिव्हमधून तिरपा पाठवून, तो आरशाने हलवून, हलत्या जिवांची पूर्ण त्रिमितीय चित्रे घेतली आहेत.

त्रिमितीय म्हटले की वेगाचा हिशेब पुन्हा बदलतो. सेकंदाला 30 चित्रे आणि 30 थर म्हणजे सेकंदाला एकच घनचित्र. ओळी 128 केल्या तर परतीचा वेळ धरून सेकंदाला सुमारे 110 थर, म्हणजे 10 थरांची 11 घनचित्रे. पण थर बदलायचे कसे? ऑब्जेक्टिव्हच पिएझोने (विजेने किंचित लांबणाऱ्या स्फटिकाने) वरखाली केले तर दोन-तीनशे ग्रॅमचा तो ठोकळा थांबून स्थिरावायला 10 ते 20 मिलिसेकंद घेतो, म्हणजे दोन थरांचा वेळ निव्वळ वाट बघण्यात जातो. शिवाय पाण्यात बुडालेले भिंग वरखाली झाले की पाणी ढकलले जाते आणि जो जीव निवांत बघायचा तोच हलतो. टप्प्याटप्प्याने न थांबवता पिएझो सलग हलवावा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. विजेने फुगणारे द्रवभिंग स्वस्त आणि हलके. मात्र ते आडवे, म्हणजे शलाका उभी जाईल असे बसवावे. उभे बसवले तर आतला द्रव गुरुत्वाने खाली झुकतो आणि प्रत्येक ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी येते. सर्वांत स्वच्छ उपाय दूरस्थ फोकसिंगचा: दुसऱ्या ऑब्जेक्टिव्हसमोर काही ग्रॅमचा छोटा आरसा पुढेमागे करायचा, नमुन्याजवळचे भिंग जागचे हलत नाही. ऑक्सफर्डमध्ये 2007-08 च्या सुमारास विकसित झालेली ही पद्धत जुळवायला किचकट आहे, पण जमली की वरखालीच्या दिशेतही चांगला वेग मिळतो.

कधी कधी वेगवान यंत्र लागतच नाही. झेब्राफिश हा आपल्या उपखंडातल्या ओढ्यांतला मासा. त्याच्या पारदर्शक गर्भाचे हृदय मिनिटाला 120 ते 180 ठोके घेते. ठोका पुन्हापुन्हा तसाच येतो, याचा फायदा 2005 मध्ये लीब्लिंग आणि सहकाऱ्यांनी घेतला: प्रत्येक थराची वेगळी चित्रफीत घ्यायची आणि ठोक्याच्या अवस्थेप्रमाणे सगळ्या फिती नंतर एकमेकींशी जुळवायच्या. मात्र हृदयाची लय बिघडलेल्या गर्भात ही युक्ती लागू पडत नाही, आणि पुष्कळांना नेमके तेच हृदय बघायचे असते. नमुनाच सावकाश करण्याची वाट मोहात पाडते: पॅरामेशियमला दोन-तीन टक्के मिथाइल सेल्युलोजच्या दाट द्रावणात घालायचे, गर्भाला ट्रायकेनची भूल द्यायची. चालते, पण भुलीने हृदयाची गती बदलू शकते आणि दाट द्रावणात पक्ष्माभिकांचे, म्हणजे पॅरामेशियमच्या अंगावरच्या केसांसारख्या धाग्यांचे, हलणे बदलते. जे मोजायचे तेच औषधाने बदलत असेल तर निष्कर्षात तसे लिहिले पाहिजे.

आपल्याकडच्या परिस्थितीतल्या काही गोष्टी परदेशी माहितीपुस्तिकेत ठळक नसतात. वीज अचानक गेली किंवा ड्रायव्हर बंद पडला की झुलणारा आरसा थांबतो, पण लेसर वेगळ्या यूपीएसवर असेल तर चालूच राहतो. मग सगळी शक्ती एकाच बिंदूवर पडते आणि नमुन्याला भोक पडते. स्कॅनरचा संकेत दोन झोके, म्हणजे 250 मायक्रोसेकंद, आला नाही तर मॉड्युलेटरने लेसर बंद केला पाहिजे. यांत्रिक शटरला बंद व्हायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून ते दुसरा अडसर म्हणून ठेवावे. 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण चित्रात सरकत्या आडव्या पट्ट्यांच्या रूपाने दिसते. शोधक, ॲम्प्लिफायर आणि डिजिटायझर यांचे अर्थिंग एकाच बिंदूला आणले की बहुतेक वेळा जाते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, फोटोमल्टिप्लायरच्या उच्च दाबाच्या जोडांवर ओल येऊन गळती होते आणि काळ्या चित्रातही ठिपके चमकू लागतात. खोलीची आर्द्रता रात्रीही आटोक्यात हवी. एसी फक्त कामाच्या वेळी लावून भागत नाही. साठवणुकीचेही आधीच बघावे: 512 ओळी-पिक्सेलचे चित्र, दोन बाइट, सेकंदाला 30, म्हणजे एका रंगाला तासाला 56 जीबीहून जास्त.

8000 झोक्यांचा आरसा कानाला ऐकू येतो. तीक्ष्ण, एकसुरी शिट्टी असते ती. झाकण बसवले की कमी होते. तिचा सूर अचानक बदलला किंवा थरथरला तर लगेच लेसर बंद करून आरसा तपासावा. पडद्यावर दोष दिसण्याआधी कान सांगतात.

आमचे मागणे दोन. इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन शिकवणाऱ्या राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ओळींची आपोआप जुळणी करणारे सर्किट, वेगवान ॲम्प्लिफायर, आरसा थांबताच लेसर तोडणारे संरक्षण असे भाग अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना द्यावेत. एफपीजीए बोर्ड (हवे तसे सर्किट भरता येणारी चिप), फोटोडायोड आणि एक जुना गॅल्व्हो एवढ्यावर सुरुवात होते, आणि शेजारच्या जीवशास्त्र विभागाला त्याचा थेट उपयोग होतो.

दुसरे मागणे निविदा लिहिणाऱ्यांकडे. वेगाच्या रकान्यात चित्रांच्या संख्येबरोबर ती किती ओळींची, कोणत्या झूमला, मधल्या पिक्सेलला किती नॅनोसेकंद, ॲम्प्लिफायरचा पट्टा किती मेगाहर्ट्झ आणि परतीचा वेळ धरून सेकंदाला किती घनचित्रे, हे लेखी मागावे. खरेदीआधी केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कोणत्या संस्थेत कोणते यंत्र आहे ते पाहून आपला नमुना तिथे नेऊन तपासावा. यंत्र आल्यावर विक्रेत्याच्या तयार काचपट्टीवर समाधान मानू नये. ॲगरोजमधले मणी मोटारीच्या मंचावर सेकंदाला 100 मायक्रॉनने सरकवावेत आणि गोल मणी किती लांबट दिसतो ते मोजावे. मग गावच्या तळ्यातल्या हिरव्या पाण्याचा एक थेंब घ्यावा. त्यातल्या शैवालाला रंग लावावा लागत नाही. 488 नॅनोमीटरच्या लेसरखाली हरितद्रव्य स्वतःच 680 नॅनोमीटरच्या आसपास लाल उजळते. पोहणाऱ्या पेशीची कड दातेरी आहे का, आडवी शेपटी आहे का, कडा उडतात का, हे त्या थेंबात दहा मिनिटांत कळते. यंत्र मिळाल्याच्या कागदावर सही त्यानंतर करावी.

आपले विश्वासू,
प्रकाशीय उपकरणांची बांधणी व देखभाल करणारे दोघे,
पुणे